नुसती चाल

चिकुनगुन्याचा ताप चार दिवसांत जातो. बोटं मागे राहतात.

2024 च्या पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या सोसायटीत एक वेगळीच जमात तयार झाली होती. कठडा धरून, तिरकं होऊन, एकेक पाय टेकत जिना उतरणारी. आम्ही एकमेकांना चालीवरून ओळखायचो आणि हसायचो. "तुमचं कुठे?" "घोटे. तुमचं?" "बोटं." बोटं म्हटलं की समोरचा जरा जास्त हळहळायचा. घोट्यांना निदान खुर्चीत बसवून ठेवता येतं. बोटांना कुठे बसवणार? सकाळी पेस्टचं झाकण फिरायचं नाही. कुकरची शिटी निघायची नाही. झोपेत वळलेली मूठ दुसऱ्या हाताने, एकेक बोट धरून उघडायला लागायची, आणि तो दुसरा हातही काही फार धडधाकट नसायचा.

तिसऱ्या आठवड्यात पेटी उघडली. मी काही पेटीवादक वगैरे नाही. सांगलीत लहानपणी दहा वर्षं शिकले, मग नोकरी, संसार, आणि आता गुरुवारच्या भजनाला साथ करते, एवढंच. पण चाळीस वर्षं बोटांना सवय झालेली. सा लागला, रे लागला, ग लागला. मग सवयीने एक छोटीशी मुरकी घ्यायला गेले, चार सुरांची, झोपेतही येते अशी, आणि अनामिका पट्टीवर नुसती टेकून राहिली. दाबलीच जाईना. करंगळी तिच्या मागे लपून बसलेली. पेटी बंद केली आणि तिच्यावर झाकण घालून वर इस्त्रीचे कपडे ठेवले, म्हणजे पुन्हा उघडायचा मोह नको.

माझा भाचा बेंगळुरूला असतो आणि दिवसरात्र काहीबाही ऐकत असतो. त्याला हे फोनवर सांगितलं. संध्याकाळी त्याने एक दुवा पाठवला, खाली एकच ओळ: 'मावशी, ह्यानेही बरं नसतानाच वाजवलंय.'

ह्याने म्हणजे अमेरिकेतल्या कीथ जॅरेट या जॅझ पियानोवादकाने. अल्बमचं नाव 'द मेलडी अ‍ॅट नाइट, विथ यू'.

नाव वाचून मी थोडी नाराजच झाले. जॅरेट मला माहीत होता, पण दुसऱ्याच कारणासाठी. ऐंशीच्या दशकात मुंबईत हॉस्टेलवर असताना एका मैत्रिणीकडे त्याच्या कोलोनच्या मैफलीची कॅसेट होती, कॉपीची कॉपी, इतकी घासलेली की पियानोच्या मागे सतत पाऊस पडत असल्यासारखा वाटायचा. ती गोष्ट आता सर्वांना पाठ आहे. 24 जानेवारी 1975, जर्मनीतल्या कोलोनचं ऑपेरा हाउस, रात्री साडेअकराची वेळ. मागवलेला पियानो आलाच नाही, त्याच्या जागी सरावाचा एक लहान पियानो मंचावर आलेला. वरच्या सप्तकाचा आवाज पत्र्यासारखा, पायाखालची पेडलं धड चालेनात. जॅरेट पाठदुखीने हैराण, प्रवासाने दमलेला, वाजवायला तयार नाही. शेवटी बसला आणि तासाभराहून जास्त वेळ, आधी काहीही ठरवलेलं नसताना, हातात कुठलंही गाणं नसताना वाजवत राहिला. त्या ध्वनिमुद्रणाच्या लाखो प्रती खपल्या. आम्ही हॉस्टेलच्या गच्चीत ते ऐकायचो. मधूनमधून तो स्वतःच कण्हतो, हुंकारतो, पाय आपटतो, ते ऐकून आमच्यातल्या एकीला हसू आवरायचं नाही.

तर असा हा माणूस. शून्यातून तासभराचं संगीत काढणारा, वाजवताना अर्धा उभा राहणारा, श्रोत्यांत कोणी खोकलं तर वाजवणं थांबवून सुनावणारा. आणि हा अल्बम काय, तर दहा जुनी लोकप्रिय गाणी. घरी वाजवलेली. हळू.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी वाट पाहत राहिले. आता ताना सुरू होतील, आता खेळ सुरू होईल. ध्रुवपद झालं, अंतरा झाला, ध्रुवपद परत आलं. गाणं संपलं. त्याने चाल वाजवली होती. नुसती चाल.

*

हे कसं झालं, ते त्याने स्वतः मुलाखतींतून सांगितलेलं आहे. 1996 च्या शरदात इटलीचा दौरा चालू असताना तो कोसळला. निदान झालं क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं, म्हणजे विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा. ज्याला झाला नाही त्याला हा आजार आळसाचा सख्खा भाऊ वाटतो. वर्षभराहून अधिक काळ पियानोपाशी बसणंही त्याला झेपत नव्हतं. न्यू जर्सीतल्या त्याच्या घराला लागूनच त्याचा स्टुडिओ होता, पण दोन्हींमधलं अंतर काही पावलांचं, हे फक्त निरोगी माणसाच्या हिशोबाने.

डिसेंबर 1997 मध्ये त्याने घरचा हॅम्बुर्ग स्टाइनवे पियानो दुरुस्त करून घेतला होता. तो कसा झालाय ते पाहायचं होतं, आणि बायकोला नाताळची भेट द्यायची होती. उठल्यावर दिवस जरा बरा वाटला तर टेपरेकॉर्डर चालू करायचा आणि काही मिनिटं वाजवायचं. त्याहून जास्त ताकद नव्हती. असं करत करत, 1998 भर, ही गाणी जमली, आणि 1999 मध्ये म्यूनिकच्या ईसीएम या ध्वनिमुद्रिका कंपनीने ती प्रसिद्ध केली. मुलाखतीत तो एक फार प्रामाणिक गोष्ट बोलून गेलाय: चलाखी करायला लागतं तेवढं बळच त्याच्या अंगात नव्हतं.

हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. अनामिकेकडे पाहिलं.

*

या गाण्यांना तिकडे स्टँडर्ड म्हणतात. म्हणजे प्रत्येक जॅझ वादकाला येणारी, कुठेही, कोणाबरोबरही, तालमीशिवाय वाजवता येणारी गाणी. यातली बरीचशी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांतून आली, काही सिनेमातून. बहुतेकांची ठेवण ठरलेली, बत्तीस मात्राखंडांची. ध्रुवपद, पुन्हा ध्रुवपद, वेगळ्या चालीचा अंतरा, पुन्हा ध्रुवपद.

मी सांगलीची असल्यामुळे मला यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्याकडेही हेच झालं. नाटक गेलं, पद राहिलं. खाडिलकरांचं 'मानापमान' 1911 सालचं, पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. आज ते नाटक पूर्ण पाहिलेलं माणूस शोधावं लागेल, पण त्यातली पदं कोणत्याही मैफलीच्या शेवटी कोणीतरी मागतोच. शिवाय टेंबे मूळचे पेटीवाले. आमच्याकडे पेटीवर नुसतं नाट्यपद वाजवायची एक अख्खी परंपराच आहे. पी. मधुकरांच्या ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. गायक नाही, नट नाही, पडदा नाही, समोर फक्त एक पेटी आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप उमटणारे शब्द.

शब्दांवरून मास्तर आठवले. आमचे पेटीचे मास्तर शिकवताना पद आधी म्हणायला लावायचे. माझा आवाज म्हणजे देवाची करणी, तरी म्हणायचं. मग पेटीवर. वाजवताना मी कुठे घाई केली की ते चिमटा काढल्यासारखं विचारायचे, "इथं काय शब्द आहे?" मी सांगायचे. "मग तो अर्धा का खाल्लास?" पेटीला शब्द नसतात, मग खाल्ला म्हणजे काय, असं त्या वयात वाटायचं. पण ऐकणाऱ्याच्या मनात शब्द चालू असतात, आणि वाजवणाऱ्याच्या मनात नसले की ते त्याला लगेच कळतं.

जॅरेटने वाजवलेल्या गाण्यांचे शब्द मला लहानपणापासून ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तेव्हा मी उलटा अभ्यास केला. हाताने काम होत नसल्याने वेळ भरपूर होता. प्रत्येक गाण्याचे शब्द शोधून वाचले, एखाद्या गायिकेच्या आवाजात ते गाणं ऐकलं, मग परत पियानोकडे आले. आणि मग कळलं की हा माणूस शब्द वाजवतोय. जिथे वाक्य संपतं तिथे तो श्वास घेतो. जिथे गाणारी एखादी अडखळेल तिथे तो अडखळतो.

पहिलं गाणं 'आय लव्ह्ज यू, पोर्गी', जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराच्या 1935 च्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातलं. आय लव्ह नाही, आय लव्ह्ज. चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेसची ही बोली, निदान गोऱ्या लेखकांनी ऐकलेली तशी. ते प्रेमगीत म्हणून लग्नाच्या पार्ट्यांत वाजतं, पण खरं ती गयावया आहे. आपल्याला क्राउन नावाचा तो दुसरा पुरुष परत न्यायला येईल आणि आपण नाही म्हणू शकणार नाही, हे तिला माहीत आहे. म्हणून ती पोर्गीला म्हणते, मला जाऊ देऊ नकोस. जॅरेट ती विनवणी मोठ्याने करत नाही. शेवटच्या ध्रुवपदात तर तो इतका हळू जातो की पट्टी पूर्ण खाली गेली की नाही असा संशय यावा.

*

आता थोडं यंत्राविषयी. ते कळलं नाही तर 'हळू वाजवलंय' यापलीकडे काही सांगता येणार नाही, आणि हळू तर कोणीही वाजवेल.

पेटीचा सूर भात्यावर जगतो. भाता चालू आहे तोवर सूर आहे. सा दाबून तुम्ही दाराची कडी काढून आलात तरी तो तिथेच असेल, अर्थात भाता मारायला कोणी असेल तर. पियानोचं तसं नाही. पट्टी दाबली की आतला नमद्याचा हातोडा तारेवर आपटतो आणि लगेच मागे येतो. त्या क्षणापासून सूर विरायला लागतो. मोठा होत नाही, टिकत नाही, फक्त कमी होत जातो. म्हणजे पियानोवर 'गाणं' ही मुळातच फसवणूक आहे. दोन सुरांमध्ये आपल्याला जी रेघ ऐकू येते ती तिथे नसते. पहिला सूर विरत विरत जिथवर आलाय, नेमक्या तेवढ्याच वजनाने दुसरा सूर ठेवला, तरच कानाला वाटतं की आवाज एकातून दुसऱ्यात गेला. जरा जोरात पडला की नवीन अक्षर. जरा हलका पडला की शब्द गिळला.

दुसरी गोष्ट. पेटीवर एका वेळी तीन पट्ट्या दाबल्या तर तिघींना सारखीच हवा. मी एकीला मोठं, दोघींना लहान करू शकत नाही. पियानोवर प्रत्येक बोटाचं वजन वेगळं असू शकतं. एकाच हाताच्या पाच बोटांतलं वरचं एक बोट चाल म्हणतंय, खालची तीन तिच्या मागे अंधारात उभी आहेत, आणि अंगठा मधेच एक पाऊल पुढे टाकून परत मागे जातोय, असं करता येतं. हे करायला वेग लागत नाही. पण बोटांवर जो ताबा लागतो त्यापुढे वेग सोपा, असं मला आता वाटतं. जॅरेटच्या या अल्बममध्ये सगळं नाट्य तिथे आहे, त्या मधल्या सुरांत. चाल तुम्हाला पहिल्याच ऐकण्यात पाठ होते. दहाव्यांदा ऐकताना खालून एखादा सूर अर्ध्या पायरीने सरकलेला कळतो आणि तीच चाल दुसऱ्या खोलीत गेल्यासारखी वाटते.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, मात्र दोघांनाही नाही. अशाच कारणांसाठी 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि पुढची तीसेक वर्षं ती पाळली. मास्तरांना या विषयावर बोलतं केलं की त्या दिवशीची शिकवणी बुडायची.

*

अल्बममधली सगळी गाणी काही मला सारखी आवडली नाहीत. 'बी माय लव्ह' अजून पटलेलं नाही. ते 1950 सालच्या एका सिनेमातलं, मारिओ लान्झा नावाच्या टेनरने छाती फुगवून, काचेची तावदानं थरथरतील असं गायलेलं. जॅरेट त्याची कुजबुज करतो. कल्पना छान आहे, पण त्या चालीला कुजबुजण्यासारखं फारसं काही आहे असं मला वाटत नाही. थोडा पाक जास्त झालाय. भाचा म्हणतो, मावशी, तू उगाच खडूसपणा करतेस. असेल.

'आय गॉट इट बॅड' मध्ये मात्र जुना जॅरेट थोडा डोकावतो. हे ड्यूक एलिंग्टनचं 1941 चं गाणं. त्याच्या वाद्यवृंदात जॉनी हॉजेस ते सॅक्सोफोनवर असं वाजवायचा की सूर जिभेवरून घसरतोय असं वाटावं. हाच एलिंग्टन 1963 च्या दौऱ्यात मुंबईतही वाजवून गेला. इथे जॅरेट उजव्या हाताने लांब ओळी काढतो, खास जॅझच्या, आणि मधेच थांबतो. मला ते थांबणं खरं वाटतं. दम लागलेला माणूस जिन्यात थांबतो आणि खिडकीबाहेर काहीतरी पाहायचं होतं असं दाखवतो, तसं.

'माय वाइल्ड आयरिश रोझ' तर 1899 सालचं, दारूच्या गुत्त्यात गळ्यात गळे घालून म्हणायचं गाणं. आपल्याकडे गणपतीत बँडवर जी गाणी वाजून वाजून चोथा होतात, त्या जातीचं. कोणताही भारदस्त जॅझ वादक त्याच्या वाटेला जाणार नाही, गेला तरी तोंड वाकडं करून. जॅरेट ते जवळजवळ जसंच्या तसं वाजवतो. त्यात उपहास नाही, आणि 'बघा, मी यातूनही काय काढलं' हेही नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला जॅझ पियानोवादक आर्ट टेटम. 1953 ते 1955 या काळात नॉर्मन ग्रँट्झ या निर्मात्याने त्याच्याकडून शंभराहून अधिक गाणी एकट्याने वाजवून घेतली. दृष्टी जवळजवळ नाही आणि हात वादळासारखे. टेटमच्या हातात गाणं म्हणजे दिवाळीतल्या भुईनळ्याची वात. एकदा पेटली की तिचं काम संपलं. ऐकताना मीच धापा टाकते. थोर आहे, यात वाद नाही. रोज ऐकवत नाही.

*

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते 'समवन टू वॉच ओव्हर मी' बद्दल.

गर्श्विनचंच, 1926 च्या 'ओ, के!' या नाटकातलं. शब्द जॉर्जच्या भावाचे, आयराचे. नाटकात गर्ट्रूड लॉरेन्स हे गाणं हातातल्या चिंध्यांच्या बाहुलीला उद्देशून म्हणायची. नाटकाचं कथानक दारूबंदीच्या काळातल्या चोरट्या दारूचं होतं, आज कोणाच्या लक्षातही नाही. गाणं शंभर वर्षं टिकलंय.

आयराने पुढे लिहून ठेवलंय की ही चाल मुळात जलद होती. नाचाची, ठेक्यावर उड्या मारणारी. जॉर्जने ती तशीच बांधली होती. मग एक दिवस पियानोवर बसला असताना त्याने ती सहज सावकाश वाजवली, आणि दोघेही भाऊ एकदम गप्प झाले. हे नाचाचं गाणं नाहीच. हे कोणीतरी एकटं असलेलं माणूस बोलतंय. तेव्हा कुठे त्या चालीला ते शब्द मिळाले.

हे वाचलं आणि मी ती चाल उजव्या हाताच्या तर्जनीने, एकाच बोटाने, मांडीवर वाजवून पाहिली. आधी जलद. खरंच, उड्या मारते! सुरुवातीचे सूर पायऱ्या चढल्यासारखे एकामागून एक वर जातात, झपाझप, टांग्याच्या घोड्यासारखे. मग हळू. तेच सूर, त्याच क्रमाने, पण आता प्रत्येक पायरीवर माणूस विचार करतंय की पुढची चढायची का. एकही सूर बदललेला नाही.

जॅरेट ती अजून थोडी हळू करतो. वरच्या सुरावर पोचल्यावर क्षणभर रेंगाळतो, मग उतरणीचे सूर कधी एकसारखे ठेवत नाही. दोन जवळ, एक लांब, परत दोन जवळ. जिना उतरताना आमच्या सोसायटीतली ती तिरकी माणसं जशी पावलं टाकायची, अगदी तशी.

*

इथे कोणीतरी म्हणेल की बघा, आजाराने त्याला खोलवर नेलं, वेदनेतून कला, वगैरे. हे मला अजिबात मान्य नाही. बोटं दुखत होती तेव्हा मी काही शहाणी झाले नव्हते. चिडचिडी झाले होते. कामवाल्या मावशींवर विनाकारण दोनदा ओरडले, मग जाऊन माफी मागितली. आजार माणसाला फक्त आजारी करतो. जॅरेटकडे पन्नास वर्षांचा रियाझ होता (तिसऱ्या वर्षी तो पियानोला लागला), घरी उत्तम पियानो होता आणि नीट लावलेले मायक्रोफोन होते. हे सगळं असून एरवी तो चलाखी करायचा, कारण ती त्याला येत होती आणि आवडत होती. काही महिने येईनाशी झाली. तेव्हा खाली जे होतं ते उघडं पडलं. ओहोटीला खडक दिसतात म्हणून ओहोटीने खडक घडवले असं होत नाही.

आणि गंमत म्हणजे जरा बरं वाटताच तो तडक परत गेला. गॅरी पीकॉक आणि जॅक डिजॉनेट या जोडीदारांबरोबरचं त्याचं त्रिकूट 1983 पासून स्टँडर्डच वाजवत होतं. जुलै 1999 मध्ये, म्हणजे हा रात्रीचा अल्बम बाजारात यायच्याही आधी, तिघांनी पॅरिसमध्ये मैफल केली. ती 'व्हिस्पर नॉट' या नावाने निघाली. त्यात भरपूर बीबॉप जातीचं जॅझ आहे, वेगवान, लखलखीत, ताना पोटभर. मी ती ऐकली आणि मनापासून आनंद झाला. वाजव बाबा, तुला येतंय तर वाजव.

त्यानंतर जवळपास दोन दशकं तो वाजवत राहिला. ज्या बायकोसाठी ही भेट तयार केली ते लग्न पुढे मोडलं. फेब्रुवारी 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याची शेवटची जाहीर मैफल झाली. 2018 मध्ये दोन वेळा पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. दोन वर्षांनी, 2020 मध्ये, त्याने हे लोकांना सांगितलं, आणि आपण आता पियानोवादक आहोत असं वाटत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. 2023 च्या एका मुलाखतीत तो घरच्या पियानोवर बसलेला दिसतो. डावा हात मांडीवर. उजव्या हाताने वाजवतो. खालचे सूर नाहीत, तो मधला अंधार नाही. पियानोवाल्यांना ते पाहवत नसेल. मला पाहताना दुःख झालं, पण धक्का बसला नाही. पेटीवाल्यांचा सूर कायम उजव्याच हातात. डावा भात्यावर.

*

माझी बोटं दिवाळीनंतर हळूहळू परत आली. संक्रांतीच्या सुमाराला मुरकी आली, मार्चमध्ये भजनात एक बरी तान गेली आणि मी ती पुढच्या गुरुवारी दोनदा घेतली, हावरटासारखी. पेटीवरचे इस्त्रीचे कपडे त्याच्या कितीतरी आधी उचलले होते. ते ऑक्टोबरातलं सांगते.

त्या अल्बममध्ये नववं गाणं आहे 'शेनॅन्डोआ'. नाटकातलंही नाही आणि सिनेमातलंही नाही, अमेरिकेतलं जुनं लोकगीत. मिसूरी नदीवरच्या नावाड्यांकडून ते खलाशांकडे गेलं, असं सांगतात. कोणी बांधलं ते माहीत नाही. चाल सगळी शुद्ध स्वरांची. ती ऐकून ऐकून माझ्या डोक्यात बसली होती आणि मला ती वाजवायचीच होती. तर्जनी आणि मधलं बोट तयार होती. डावं मनगट मात्र भाता ओढायला तयार नव्हतं.

तेव्हा नवऱ्याला समोर बसवलं. त्यांना तालाचं अंग नाही, हे चौतीस वर्षं दोघांनाही माहीत आहे आणि त्यावर आम्ही बोलत नाही. ते पेटीच्या पलीकडे मांडी घालून बसले, भाता धरला आणि सायकलच्या चाकात हवा भरतात तसं सुरू केलं. पहिला सूर किंचाळला.

"अहो, हळू."

"अजून किती हळू?"

"श्वास घेता तसं."

खालच्या पंचमापासून सुरुवात, मग सा, सा, सा. दोन बोटांनी, एकेक सूर शोधत. मधे भाता संपायचा आणि सूर बसायचा. ते दचकून परत ओढायचे, आणि सूर नको तिथे फुगायचा. जॅरेट जिथे वजन अगदी तोलून ठेवतो तिथे आमच्याकडे सगळा योगायोग. दुसऱ्यांदा मी तार सप्तकातला सा शोधला आणि त्यावर थांबले. हवा पुरली.

"कुठल्या नाटकातलं?" त्यांनी विचारलं.

"नाटकातलं नाही. नावाड्यांचं आहे."

ते काही बोलले नाहीत. भाता मात्र त्यांनी जरा लांब ओढायला सुरुवात केली.